परमिटवर सही होण्याआधीची पंधरा मिनिटं

माहुलची रिफायनरी असो, तळोज्याचा केमिकल कारखाना असो की माझगावच्या गोदीत उभ्या जहाजाचं पोट, टाकी आतून साफ करायचं काम निघालं की सकाळी आठचं दृश्य साधारण सारखंच असतं. मॅनहोलभोवती पाच-सहा जण जमलेले असतात. फिटरने झाकणाचे बोल्ट काढलेले, ब्लोअरची जाड नळी आत सोडलेली आणि ठेकेदाराचा सुपरवायझर हातातल्या कागदावर कुणाची सही राहिली ते बघत असतो. प्रत्येकाच्या गळ्यात गेटपास आणि त्यावर ‘सेफ्टी ट्रेनिंग झाले’ असा शिक्का. आत उतरणारा माणूस संध्याकाळी कल्याणची लोकल पकडेल का, याचं उत्तर त्या शिक्क्यात सापडत नाही. पुढच्या पंधरा मिनिटांत कोण काय विचारतो, कोण काय स्वतःच्या हाताने तपासतो आणि एखाद्याने ‘थांबा’ म्हटलं तर बाकीचे खरोखर थांबतात का, त्यावर ते अवलंबून असतं.

‘सुरक्षा प्रशिक्षण’ आणि ‘सुरक्षा संस्कृती’ हे शब्द पोस्टरवर मोठे दिसतात आणि कामावर आल्यावर धूसर होतात. म्हणून या एकाच मॅनहोलपाशी उभं राहून ते समजून घेऊ. बंद जागेतल्या कामात अवजड उद्योगातले बहुतेक धोके एकत्र येतात: वायू, वीज, फिरणारी यंत्रं, आग, उंची आणि घाई.

परमिट म्हणजे दोघांनी एकमेकांना दिलेला शब्द

वर्क परमिटला दोन बाजू असतात. एक देणारा, म्हणजे प्लांट चालवणारा विभाग. दुसरा घेणारा, म्हणजे देखभाल विभाग किंवा ठेकेदार. देणारा लिहून देतो की ही टाकी मी रिकामी केली, अमुक पाइप तोडले, अमुक मोटरला कुलूप लावलं, हवा तपासली. घेणारा लिहून देतो की मी एवढंच काम करीन, एवढीच माणसं आत घालीन, हीच साधनं वापरीन आणि अमुक वाजता बाहेर येईन. गरम काम, बंद जागा, उंची, खोदकाम, वीज यांची परमिटं वेगळी असतात. टाकीच्या आत वेल्डिंग करायचं असेल तर बंद जागेचं आणि गरम कामाचं अशी दोन्ही लागतात.

दोन्ही सह्या कामाच्या जागेवर उभं राहून व्हायला हव्यात. कंट्रोल रूमच्या टेबलावर सही झाली की चूक कशी होते ते अगदी साधं आहे: कागदावर पंप ‘ए’ लिहिलेला असतो आणि माणसं पंप ‘बी’ उघडायला बसतात. दोन्ही पंप शेजारी, एकाच रंगाचे, एकाच आकाराचे. टॅगवरचा नंबर बोट ठेवून मोठ्याने वाचायला दहा सेकंद लागतात.

परमिट साधारण एका पाळीपुरतं असतं आणि पाळी बदलताना ते नव्याने समजावून द्यावं लागतं. हे राहून गेलं तर त्याची किंमत किती मोठी असू शकते ते ६ जुलै १९८८ च्या रात्री उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायू काढणाऱ्या प्लॅटफॉर्मवर दिसलं. दिवसपाळीत एका पंपाच्या लाइनवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला होता आणि त्या जागी तात्पुरती बंद फ्लँज (पाइपाच्या तोंडाला बोल्टने बसवायची चकती) लावली होती. व्हॉल्व्ह परत बसला नाही, आणि ही माहिती रात्रपाळीपर्यंत पोचली नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला तेव्हा त्यांनी हाच पंप चालू केला. गळती, स्फोट आणि आगीत १६७ जण गेले. परमिटची पद्धत तिथे होती, कागदही होता. पाळी सोडणाऱ्याने पाळी घेणाऱ्याला ‘हा पंप चालवू नकोस’ एवढं समोरासमोर सांगणं राहून गेलं.

बंद केलेला व्हॉल्व्ह आणि तोडलेली लाइन

टाकीला जोडलेल्या प्रत्येक पाइपाचं काय करायचं? नवखा माणूस म्हणेल, व्हॉल्व्ह बंद करा. पण व्हॉल्व्ह ‘पास’ होतात. सीटवर गंज किंवा कचरा बसला की हँडल पूर्ण फिरवूनही थोडा माल आत झिरपत राहतो. माणूस आत जाणार असेल तर बंद व्हॉल्व्हवर भिस्त ठेवायची नाही. दोन फ्लँजच्या मध्ये जाड पोलादी ब्लाइंड, म्हणजे लाइन पूर्ण अडवणारी चकती, मारायचा किंवा पाइपचा तुकडाच काढून बाजूला ठेवायचा. ब्लाइंडची जाडी त्या लाइनच्या दाबाला पुरणारी हवी, हाताला येईल तो पत्रा कापून चालत नाही. प्रत्येक ब्लाइंडला नंबर आणि सगळ्यांची एक यादी. नायट्रोजनची लाइन या यादीतून निसटते, कारण तिच्यातून ‘काही धोकादायक येत नाही’ असा समज असतो. प्रत्यक्षात तीच सगळ्यात घातक, का ते पुढे येईल.

वीज तोडण्याला कारखान्यात ‘लोटो’ म्हणतात, म्हणजे कुलूप आणि टॅग. ब्रेकर बंद करायचा, त्यावर आपलं कुलूप लावायचं, नाव आणि तारखेचा टॅग टांगायचा. कुलूप ज्याचं त्याचं, किल्ली एकच आणि ती त्याच्याच खिशात. दहा जण काम करत असतील तर दहा कुलपं. ब्रेकरवर तेवढी मावत नसतील तर ब्रेकरची किल्ली एका पेटीत टाकून त्या पेटीला दहा जणांची कुलपं लावतात. ‘हेल्पर आहे, त्याला कुलूप कशाला’ असं जिथे ऐकू येतं तिथे हेल्परचा जीव दुसऱ्याच्या स्मरणशक्तीवर टांगलेला असतो.

यानंतरच्या दोन पायऱ्या सर्रास गाळल्या जातात. पहिली, साठलेली ऊर्जा मोकळी करणं: हायड्रॉलिक लाइनमधला दाब, ताणलेली स्प्रिंग, चार्ज राहिलेला कपॅसिटर, वर उचलून धरलेला पार्ट. दुसरी, चालू करून बघणं. कुलूप लावल्यावर मशीनजवळचं स्टार्ट बटण दाबायचं. काही हललं नाही तर बरोबर ब्रेकर तोडला आहे. हलली, तर तुम्ही शेजारच्या मोटरला कुलूप लावलं आहे आणि हे कळायला याहून चांगली वेळ नाही.

हवा: नाकाला न कळणारी गोष्ट

बंद जागेतले बहुतेक मृत्यू हवेने होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

साध्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. आत उतरायला तो किमान १९.५ आणि जास्तीत जास्त २३.५ टक्के हवा. कमी असेल तर माणूस कोसळतो. जास्त असेल, म्हणजे कटिंग सेटची ऑक्सिजनची नळी आत गळत असेल, तर कपडे एका ठिणगीने भडकतात. गॅस सिलिंडर टाकीत कधीच न्यायचे नाहीत आणि जेवणाच्या सुट्टीत नळ्यासुद्धा बाहेर ओढून ठेवायच्या, ते यासाठी.

ऑक्सिजन कमी व्हायला विषारी रसायन असावंच लागतं असं नाही. जहाजाची बॅलास्ट टाकी, म्हणजे तोल राखायला पाणी भरायची टाकी, महिनोन्महिने बंद राहिली की आतलं लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन खात राहतं. टाकी रिकामी, कोरडी, वास नसलेली, आणि तरी जीवघेणी. आर्गॉन वापरून वेल्डिंग केलं तर आर्गॉन हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साठतो. नायट्रोजनने धुतलेल्या टाकीत तर ऑक्सिजन जवळपास शून्य असतो. तिथे गुदमरल्याची जाणीवही होत नाही, कारण शरीराला घुसमट जाणवते ती कार्बन डायऑक्साइड साठल्याने आणि तो श्वासाबरोबर बाहेर जातच असतो. एक-दोन श्वासांत शुद्ध हरपते. ‘जरा वाकून बघतो’ म्हणून मॅनहोलमधून डोकं आत घालणाऱ्यालाही एवढे श्वास पुरतात.

गॅस मीटरचे आकडे ठरलेल्या क्रमाने वाचतात: आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, मग विषारी. क्रमाला कारण आहे. बऱ्याच मीटरमधला ज्वलनशील वायूचा सेन्सर तो वायू आतल्या आत जाळून मोजतो आणि जाळायला ऑक्सिजन लागतो. नायट्रोजन भरलेल्या टाकीत पेट्रोलची वाफ असली तरी असा मीटर शून्य दाखवू शकतो. ऑक्सिजनचा आकडा न बघता ते शून्य वाचणारा माणूस स्वतःची फसवणूक करून घेतो.

ज्वलनशील वायू ‘एलईएल’च्या टक्क्यांत मोजतात. हवेत वायूचं जे किमान प्रमाण झालं की तो पेट घेऊ शकतो, ते म्हणजे १०० टक्के एलईएल. माणूस आत जायला हा आकडा १० टक्क्यांच्या खाली हवा, आणि वेल्डिंगसारखं गरम काम असेल तर शून्य. पण एलईएल शून्य म्हणजे हवा श्वासाला चांगली, हा समज फार पसरलेला आणि फार घातक आहे. बेंझीनचं उदाहरण घ्या. ते हवेत सुमारे १.२ टक्के झालं की पेटू शकतं, म्हणजे १२,००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १२,००० भाग). मीटरवरचा १ टक्का एलईएल म्हणजे १२० पीपीएम बेंझीन. कामाच्या जागी आठ तासांसाठी मान्य पातळी १ पीपीएमच्या आसपास असते. म्हणजे मीटरचा काटा हलण्याआधीच माणूस मर्यादेच्या कितीतरी पट बेंझीन घेत असतो. जिथे असं रसायन आहे तिथे त्याचा वेगळा मीटर किंवा ट्यूब लागते.

हायड्रोजन सल्फाइडचा अलार्म साधारण १० पीपीएमला लावतात. त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. तो १०० पीपीएमच्या आसपास गेला की नाक बधिर होतं आणि वास बंद होतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. ‘आता वास गेला, चला’ हे वाक्य कानावर आलं तर सगळ्यांना मागे खेचायला हवं.

तपासणी कुठे करायची? वर, मध्ये आणि तळाशी. मिथेन हलका, तो वर जमतो. हायड्रोजन सल्फाइड आणि पेट्रोलची वाफ जड, ती तळाशी आणि कोपऱ्यात. लांब नळीने नमुना घेताना हवा मीटरपर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून प्रत्येक पातळीवर आकडा स्थिर होईपर्यंत, साधारण दोन मिनिटं, थांबायचं. त्याआधी मीटर जिवंत आहे का ते माहीत असलेला टेस्ट गॅस सोडून बघायचं. बाजारातून नुकताच आलेला, कॅलिब्रेशनचं स्टिकर चकाकणारा मीटरही आपटल्याने बिघडलेला असू शकतो. आणि सकाळचा आकडा दुपारी लागू नसतो. तळाचा गाळ फावड्याने हलवला की त्यात अडकलेला वायू सुटतो. म्हणून आत जाणाऱ्याच्या छातीवर कामभर चालू राहणारा मीटर हवाच.

हातदिवा २४ व्होल्टचा, ट्रान्सफॉर्मर टाकीच्या बाहेर. हा आकडा १९४८ च्या कारखाने अधिनियमातच होता. मुंबईच्या पावसाळ्यात घामाने भिजलेला माणूस लोखंडी भांड्यात उभा असताना २३० व्होल्टचा दिवा काय करील ते वेगळं सांगायला नको.

बाहेर उभा असलेला माणूस

मॅनहोलवर एक माणूस फक्त लक्ष ठेवायला असतो. नोंदवहीत आत गेलेल्यांची नावं आणि वेळ लिहायची, आतल्यांशी बोलत राहायचं, ब्लोअर बंद पडला की सगळ्यांना बाहेर बोलवायचं. त्याला ‘जरा ते स्पॅनर आण’ म्हणून पाठवलं की पहारा संपला.

आतला माणूस पडला तर या पहारेकऱ्याने काय करायचं, हे प्रशिक्षणातलं सगळ्यात अवघड वाक्य आहे: आत उडी मारायची नाही. अमेरिकेच्या ‘नायॉश’ या संशोधन संस्थेने १९८६ मध्ये इशारा दिला होता की बंद जागेतल्या मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण वाचवायला गेलेले असतात. एकाच गटारात, एकाच टाकीत तीन-तीन, चार-चार जण का जातात, त्याचं कारण हेच. आत पडलेला बहुधा त्याच्याच गावचा असतो, कधी सख्खा भाऊ. त्या क्षणी नियम आठवत नाही. आठवतं ते फक्त हाताला सवय झालेलं. म्हणून आतल्याच्या अंगात हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे), त्याला बांधलेला दोर आणि वर तिपाई व विंच आधीच लावलेली हवी, म्हणजे बाहेर उभं राहूनच हँडल फिरवता येईल. आत आडवेतिडवे पाइप असतील आणि दोर अडकणार असेल, तर श्वसनसंच घातलेलं बचाव पथक काम सुरू होण्याआधी तिथे तयार हवं. फायर ब्रिगेडला फोन करणं आवश्यकच आहे. पण मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही तर चारेक मिनिटांत इजा सुरू होते, आणि सायन-पनवेल रस्त्यावरची वाहतूक आपण सगळे ओळखतो.

शिकवलं म्हणजे काय झालं?

नेहमीचं इंडक्शन असं: नव्या ठेका कामगारांना एका खोलीत बसवून तासभर स्लाइड्स, शेवटी हजेरीवर सह्या. स्लाइड इंग्रजीत, बोलणारा हिंदीत, ऐकणाऱ्यांपैकी निम्मे भोजपुरी, ओडिया किंवा बंगाली बोलणारे. त्यातले काही पहाटे चारला उठून विरार-बदलापूरहून आलेले. थंड खोलीत त्यांना झोप येते, यात त्यांचा दोष नाही.

प्रशिक्षण झालं की नाही हे कामगाराने करून दाखवल्यावरच कळतं. ‘हार्नेस घालता येतं?’ या प्रश्नाला सगळे हो म्हणतात. ‘घालून दाखव, आणि हुक कुठे अडकवशील ते सांग’ म्हटलं की खरी स्थिती दिसते. इथे एक हिशेब प्रत्येकाला यायला हवा. दोरी १.८ मीटर, झटका शोषणारा भाग उघडून वाढणारी लांबी सुमारे १.१ मीटर, पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत १.५ मीटर, वर १ मीटर राखीव. म्हणजे हुकाच्या खाली जवळपास साडेपाच मीटर मोकळी जागा हवी. साडेतीन मीटरवरच्या मचाणावर पायापाशी हुक अडकवणारा माणूस हार्नेससकट जमिनीवर आपटतो. तिथे कठडा हवा, किंवा डोक्यावर अडकवलेला आणि लगेच आवळणारा ब्लॉक.

खलाशांना, म्हणजे क्रेनला माल बांधणाऱ्यांना, स्लिंगचा (माल उचलायच्या दोरांचा) कोन शिकवायला फळा लागत नाही. दोन तराजू-काटे आणि १० किलोची पिशवी घ्या. दोन्ही दोर सरळ उभे असतील तर प्रत्येक काटा ५ किलो दाखवतो. दोर फाकवून जमिनीशी ६० अंशांचा कोन केला की ५.८, ४५ अंशांवर ७.१. आणि ३० अंशांवर प्रत्येक काटा पूर्ण १० किलो दाखवतो. पिशवी तीच, दोर तेच. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला खलाशी आखूड स्लिंगने रुंद तुळई उचलायला तयार होत नाही.

काम सुरू करण्याआधीची रोजची बोलणी, म्हणजे टूलबॉक्स टॉक, दहा मिनिटांची, आणि आजच्या कामाबद्दलच. ‘हेल्मेट घाला, सुरक्षित राहा’ हे भाषण लोकांच्या कानावरून जातं. मुकादमाने विचारावं: आजचं काम कालच्यापेक्षा कशात वेगळं आहे? पाऊस आहे, क्रेन वेगळी आहे, दोन माणसं नवी आहेत. काय बिघडू शकतं? बिघडलं तर कुठून बाहेर पडायचं? उत्तर सगळ्यात नव्या माणसाकडून घ्यावं, त्याच्या भाषेत.

या विषयाची माहिती मुंबईत हाताशी आहे. शीवला केंद्रीय श्रम संस्था आहे, बेलापूरला राष्ट्रीय सुरक्षा परिषद, राज्याचं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे. छोट्या कारखानदारांनी तिथे जाऊन विचारायला संकोच करू नये.

‘थांबा’ म्हणणाऱ्याचं पुढे काय होतं

संस्कृती मोजायची असेल तर एवढंच बघावं. मीटर ऑक्सिजन १९.२ दाखवतोय, पहारेकरी म्हणतो उतरू नका, आणि शटडाऊन (दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवून करायचं काम) आधीच दोन दिवस मागे पडलं आहे. सुपरवायझर ब्लोअर वाढवून पुन्हा तपासतो, की ‘थोडंच कमी आहे’ म्हणतो? आणि त्या पहारेकऱ्याला दुसऱ्या दिवशी गेटपास मिळतो का? ठेका कामगाराला हे दुसरं उत्तर नेमकं ठाऊक असतं.

भोपाळनंतर, १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात नवं प्रकरण आलं. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात कामगारांना धोक्याची माहिती मिळणं, कामगार आणि व्यवस्थापनाचे समसमान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती, आणि जीवाला तातडीचा धोका दिसला तर व्यवस्थापनाला आणि निरीक्षकाला इशारा देण्याचा हक्क, हे त्यातून आलं. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही असा हक्क आहे. पण इशारा देणं वेगळं आणि काम तिथल्या तिथे थांबवणं वेगळं. थांबवण्याचा अधिकार कंपनीने स्वतः लेखी द्यावा लागतो, ठेकेदाराच्या करारात घालावा लागतो आणि थांबलेल्या तासांची मजुरी कापली जाणार नाही हेही लिहावं लागतं. मजुरी कापली जाणार असेल तर अधिकार भिंतीवरच राहतो.

‘शून्य अपघात’ झाल्यावर बक्षीस, या योजनेबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: ती लोकांना लपवायला शिकवते. बोट चेचलं तर पट्टी बांधून रजा दाखवली जाते. वरून पाना पडला आणि कुणाला लागलं नाही, तर तो कुणी नोंदवतच नाही. बक्षीस द्यायचंच असेल तर अशा ‘थोडक्यात टळलेल्या’ घटना कळवणाऱ्याला द्या, आणि आठवड्याभरात त्यावर काय केलं ते त्याला जाऊन सांगा. दोनदा कळवून काही झालं नाही की तिसऱ्यांदा कुणी कळवत नाही.

लहान जखमा कमी झाल्या म्हणजे मोठा अपघात टळला, असंही नाही. २७ जुलै २००५ ला मुंबई हायवर ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावरच्या बोटं कापलेल्या आचाऱ्याला क्रेनने प्लॅटफॉर्मवर पोचवलं गेलं. पावसाळी लाटांत ते जहाज प्लॅटफॉर्मच्या गॅस वाहणाऱ्या उभ्या पाइपांवर आदळलं, आग लागली, दोनेक तासांत प्लॅटफॉर्म कोसळला आणि २२ जण गेले. सुरुवातीची जखम प्रथमोपचाराच्या नोंदवहीत बसणारी होती. खरा धोका होता तो त्या लाटांत जहाज गॅसच्या पाइपांजवळ नेण्यात. म्हणून हेल्मेट-बुटांच्या तपासणीबरोबरच आपल्या आवारातले असे ‘पाइप’ कोणते, आणि त्यांच्यापाशी जायची परवानगी कोण कशाच्या आधारावर देतो, याची वेगळी यादी हवी.

परमिट बंद करताना

संध्याकाळी पाच वाजता सगळे दमलेले असतात आणि गाडीची वेळ झालेली असते. नोंदवहीतली नावं एकेक करून हाक मारून तपासायची. चार आत गेले होते, तर चार चेहरे समोर दिसायला हवेत. चार सह्या त्यासाठी पुरत नाहीत. हत्यारं मोजायची, आत राहिलेला एक पाना उद्या मिक्सरची पाती तोडू शकतो. काम अर्धं राहिलं असेल तर मॅनहोलवर जाळी आणि ‘आत जाऊ नये’ची पाटी, कारण रात्रपाळीचा कुणी पाऊस चुकवायला आत डोकावू शकतो. काम पूर्ण झालं असेल तर प्रत्येकाने आपलं कुलूप आपल्या किल्लीने काढायचं. कुणी कुलूप विसरून घरी गेला तर ते लगेच कापायचं नाही. आधी त्याला फोन करून तो खरंच बाहेर आहे याची खात्री करायची, मग वरिष्ठाच्या लेखी परवानगीने कापायचं आणि तो उद्या कामाला लागण्यापूर्वी त्याला ते सांगायचं. शेवटी ब्लाइंडची यादी. सकाळी अकरा मारले होते, तर हातात अकरा परत यायला हवेत. दहाच आले तर देणारा परमिटवर बंदची सही करत नाही, आणि टॉर्च घेऊन दोघं पुन्हा लाइनवर जातात.